मदत हवी आहे: गाळात ८ सेंमी खाली तेल, खरं की नळीने ओढलेलं?

तेलगळतीनंतर उथळ समुद्रतळातून नळीने काढलेला गाळ १-१ सेंमीच्या चकत्यांत कापतोय. वरचे २ सेंमी तपकिरी, खाली काळाकुट्ट, सडक्या अंड्यांचा वास. ऑक्सिजन नाही, म्हणजे तेल तिथे वर्षानुवर्षं टिकू शकतं.

अडचण: ८ सेंमीवरही पीएएच (तेलातली अनेक कड्यांची विषारी कार्बनी संयुगं) सापडतात. नळी घुसताना वरचं तेल आतल्या बाजूने घासत खाली जातं, म्हणून कडेचा ५ मिमी गाळ टाकून देतो. तरी आकडा उतरत नाही. किड्यांच्या बिळांतून झिरपलं असेल का? बिळाच्या कडेचा गाळ वेगळा कसा खरवडता?

शिवाय गाळातून द्रावकाने काढलेल्या अर्कातलं गंधक काढायला आम्लाने धुतलेला तांब्याचा चुरा टाकतो, तो लगेच काळा पडतो. काळा पडणं थांबेपर्यंत नवा घालत राहायचा ना? ६३ मायक्रॉनखालचे (म्हणजे चिखलाचे बारीक) कण प्रत्येक चकतीत मोजता का? (वाळू आणि चिखलाचे आकडे थेट ताडणं मला पटत नाही.)