पुस्तक, मग पडदा, मग पुन्हा पुस्तक : तुमचा अनुभव लिहा

आपल्या आवडत्या पुस्तकाचा सिनेमा आला की पहिली चर्चा ठरलेली असते : पुस्तक बरं की सिनेमा बरा? ती इथे नको. मला वेगळं ऐकायचंय. दोन्ही पचल्यावर तुमच्या लिहिण्यात, शिकवण्यात, नोकरीत, घरातल्या बोलण्यात काय फरक पडला? एखादा जरी सांगता आला तरी लिहा, आणि सविस्तर लिहा.

सुरुवात मी करते. मी कथा लिहिते. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ची, अमोल पालेकरांचा त्यावरचा सिनेमा १९९५चा. माडगूळकर चित्रंही काढत, आणि ते कादंबरीत जाणवतं. विशेषणं कमी, रेघ नेमकी. पण मला शिकवून गेली ती दुसरीच गोष्ट. कादंबरी ‘मी’ सांगतो. धनगरांच्या वाडीवर आलेला कोवळा मास्तर स्वतःच बोलत असतो, त्यामुळे तो दिसतो कसा हा प्रश्न वाचताना पडत नाही. सिनेमात तो समोर उभाच राहतो, आणि वाडीतली माणसं त्याला कशी न्याहाळतात तेही दिसतं. आपण इतका वेळ त्याच्या आत होतो, आता त्या माणसांच्या बाजूला जाऊन बसतो.

तेव्हापासून ‘मी’ने सांगितलेली कथा लिहून झाली की मी समासात पेन्सिलीने एकच गोष्ट टिपते : समोरच्याला हा ‘मी’ कसा दिसतोय? एका कथेतली सून सासूबद्दल पानभर बोलत होती. समासात लिहिलं, ‘सासूला ही सदानकदा मोबाईलमध्ये डोकं घातलेली दिसते.’ त्यावरून सासूच्या तोंडी एक वाक्य आलं, ‘अगं, तुझ्याशी बोलायचं तर तुला फोन लावू का?’ कथेला जीव आला तो त्या वाक्याने.

आता तुम्ही.

*

जिल्हा परिषद शाळेतला शिक्षक, माणदेश

ताई, आमच्याच मुलखातल्या पुस्तकाने सुरुवात केलीत, बरं वाटलं. माझी शाळा दोनशिक्षकी. पटावरच्या बऱ्याच मुलांच्या घरी मेंढरं आहेत. दिवाळी झाली की कळप घेऊन घरंच्या घरं बाहेर पडतात, काही पोरंही जातात. ‘बनगरवाडी’तल्या मास्तरांची अडचण म्हणजे पोरं शाळेत टिकवायची कशी. ती माझ्या हजेरीपटावर आजही आहे.

चौथीच्या वर्गाला मी कादंबरीतली पानं वाचून दाखवतो. सगळी वाडी मिळून तालीम बांधते तो भाग पोरांना फार आवडतो, कारण दगड-मातीचं काम त्यांनी घरी बघितलेलं असतं. एकदा सिनेमातले काही तुकडे लॅपटॉपवर दाखवले. पोरांनी माणसांकडे लक्षच दिलं नाही, मेंढरं बघितली. ही माडग्याळी का दख्खनी? लोकर कातरून किती दिवस झाले असतील? मागच्या बाकावरची, एरवी तोंड न उघडणारी पोरं तावातावाने बोलत होती.

तो वाद थांबवायच्या ऐवजी वह्या काढायला लावल्या. ‘दुपारी मेंढरं काय करतात’ एवढंच लिहायचं. एका मुलीने लिहिलं :

‘उन्हाची मेंढरं एकमेकीच्या पोटाखाली मुंडकी घालत्यात. कडंच्या मेंढराला सावली नसती. मग ते आत घुसतंय. मग दुसरं कडंला येतंय.’

ही चार वाक्यं मी फळ्यावर जशीच्या तशी उतरवली. तेव्हापासून निबंधाच्या वहीत दोन रकाने करतो, एक शुद्धलेखनाचा आणि एक बघण्याचा. दुसऱ्या रकान्यात त्या मुलीला पैकीच्या पैकी. पुस्तकात आपल्यासारखी माणसं असतात हे पोरांना वाचून कळलं, पण आपल्याला जे ठाऊक आहे ते लिहिण्याजोगं आहे हे कळलं पडद्यावरची मेंढरं बघून. हा फरक माझ्यासाठी फार मोठा आहे.

*

बँक कर्मचारी, मुंबई

मला दिसत नाही. पुस्तकं मी ऐकते आणि सिनेमाही ऐकते. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या कादंबऱ्या मला दादाने वाचून दाखवल्या. दादाचा आवाज एकच, त्यामुळे मुख्यमंत्री, मंत्री, पत्रकार, सगळे माझ्या डोक्यात दादाच्याच आवाजात बोलायचे. मग या दोन्ही कादंबऱ्या मिळून झालेला १९७९चा ‘सिंहासन’ ऐकला. पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं.

एकाएकी प्रत्येकाला स्वतःचा गळा मिळाला. अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री आणि डॉ. लागूंचा अर्थमंत्री. दोघेही सभ्यपणे बोलतात, पण त्या सभ्यपणाचं वजन निरनिराळं आहे. आणि निळू फुल्यांचा पत्रकार दिगू! हा माणूस सिनेमाभर बहुतेक ऐकतच असतो. सगळे त्याच्याजवळ येऊन बोलतात. त्याचे हुंकार, प्रश्नाआधीचा त्याचा थांबा, हे मी पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकलं. शेवटी दिगू हसतो तेव्हा दादा म्हणाला, ‘पडद्यावर काय चाललंय सांगू?’ मी नको म्हटलं. ते हसणं पुरेसं होतं.

माझं काम फोनवर ग्राहकांशी बोलण्याचं. कर्जाचा हप्ता थकलेला माणूस आधी भलत्याच गोष्टी बोलतो, मग गप्प होतो. पूर्वी त्या गप्प होण्यात मी पुढचा प्रश्न टाकायचे, कारण आम्हाला शिकवतात तसंच. आता थांबते. बहुतेक वेळा खरी अडचण त्या थांब्यानंतरच बाहेर येते : नोकरी गेलेली असते किंवा घरात कुणाचं ऑपरेशन असतं. मी ब्रेलमध्ये माणसांची शब्दचित्रं लिहिते. त्यांत चेहरा नसतो. कोण कुठल्या शब्दावर श्वास घेतो, एवढं असतं.

*

गृहिणी, न्यू जर्सी

माझं थोडक्यात. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात लिहिली, १९३३ साली. आचार्य अत्र्यांच्या १९५३च्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. आमच्या घरात हे पुस्तक आजीपासून चालत आलंय. लेकीला आधी वाचून दाखवलं, मग सिनेमा लावला. पाय मळू नयेत म्हणून आई पदर पसरते आणि मनही असंच जप म्हणते, तो प्रसंग तिला आवडला. सिनेमा संपल्यावर तिने विचारलं, ‘श्यामच्या आईला काय हवं होतं?’

मला उत्तर देता आलं नाही, पण मी त्या शनिवारी व्हिडिओ कॉलवर तोच प्रश्न माझ्या आईला विचारला. आई आधी म्हणाली, ‘मला काय हवं असणार?’ मग म्हणाली, ‘मी मराठी टायपिंगची परीक्षा पास झालेली आहे, तीस शब्दांची. प्रमाणपत्र ट्रंकेत आहे.’ हे आम्हा भावंडांत कुणालाच ठाऊक नव्हतं. सध्या दर शनिवारी ती बोलते आणि मी लिहून घेते.

*

पटकथालेखक, पुणे

बँकेतल्या ताईंचं वाचून गप्प बसलो होतो. मी स्वतःच्याच एका कथेचा लघुपट लिहिला, त्याबद्दल सांगतो.

कथेत एक ओळ होती, ‘रात्रभर पाऊस पडत होता.’ लिहायला काही खर्च नाही. निर्मितीच्या बैठकीत त्या ओळीचा हिशेब झाला : पाण्याचा टँकर, कृत्रिम पावसाची सामग्री, दिव्यांवर झाकणं, रात्रीचं शूटिंग म्हणून जेवणाचा जादा खर्च, भिजलेल्या कपड्यांचे जादा जोड. दिग्दर्शक शांतपणे म्हणाला, ‘पाऊस कशाला हवाय ते सांग, म्हणजे मी आणतो.’

मी विचार करत बसलो. पाऊस हवा होता, कारण म्हाताऱ्याला बाहेर जाता येऊ नये आणि मुलाशी बोलणं भाग पडावं. मग आम्ही म्हाताऱ्याची चप्पल मोचीकडे शिवायला टाकली. तो दारापर्यंत जातो, पायाने चप्पल चाचपतो, परत येऊन बसतो. कॅमेरा जमिनीलगत. पावसापेक्षा हे कितीतरी चांगलं झालं, कारण चप्पल त्याची स्वतःची आहे आणि पाऊस सगळ्या गावाचा.

आता कथा लिहितानाही, जिथे एक पैसा लागत नाही तिथेही, वातावरणाची ओळ आली की मी तिला तोच प्रश्न विचारतो. काही ओळी टिकतात, बऱ्याच जातात. वातावरणाच्या नावाखाली मराठी कथेत फार पाऊस पडतो, असं माझं प्रामाणिक मत आहे.

*

आयटीत नोकरी, बंगळुरू

मिलिंद बोकीलांची ‘शाळा’. कादंबरी २००४ची, सिनेमा २०१२मध्ये लागला. आणीबाणीच्या काळातली नववीची मुलं. माझ्या बायकोने सिनेमा आधी पाहिला, मी पुस्तक आधी वाचलं. तिला त्यातली नायिका शिरोडकर एका ठरावीक चेहऱ्याने दिसते, मला तसा चेहरा नाहीच. यावर आम्ही इतकं बोललो की शेवटी एकमेकांच्या नववीपर्यंत पोचलो. लग्नाला बरीच वर्षं झाली, पण तिच्या वर्गात कोण होतं हे मला तेव्हा कळलं.

*

(धागाकर्ती : पटकथालेखक, तुमची चप्पल मी माझ्या लेखन-कार्यशाळेत उदाहरण म्हणून सांगणार आहे. परवानगी गृहीत धरते.)

*

ग्रंथपाल, ‘क’ वर्ग वाचनालय, रायगड जिल्हा

आमच्याकडे अजून पुस्तकाच्या मागच्या पानाला तारखांची चिठ्ठी असते. ती वाचायला मला आवडते. सुहास शिरवळकरांच्या ‘दुनियादारी’ची चिठ्ठी बघा. वर्षानुवर्षं विरळ शिक्के, आणि २०१३मध्ये सिनेमा लागल्यावर शिक्क्यावर शिक्का. दुसरी चिठ्ठी चिकटवावी लागली. सिनेमामुळे वाचन मागे पडतं असं सभांमधून म्हणतात. माझ्या चिठ्ठ्या तसं म्हणत नाहीत. सिनेमा पाहून आलेली मुलं पुस्तक मागतात, आणि परत करताना त्याच लेखकाचं दुसरं काय आहे ते विचारतात. खरं काम तिथून सुरू होतं. त्या दुसऱ्या पुस्तकासाठी मी आधीच एक कप्पा तयार ठेवते.

गेल्या वर्षापासून आम्ही वाचनालयाच्या ओट्यावर सिनेमा दाखवतो आणि त्याआधी आठवडाभर पुस्तकाचं जाहीर वाचन करतो. येत्या महिन्यात ‘जैत रे जैत’ घ्यायचा आहे. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, १९७७चा जब्बार पटेलांचा सिनेमा, ना. धों. महानोरांची गाणी. गोष्ट ठाकर आदिवासींची, आणि आमचे निम्मे श्रोते ठाकरवाडीवरचे. वाचायला त्यांच्यातलीच एक कॉलेजची मुलगी तयार झाली आहे. तिची अट एकच : ठाकरांच्या तोंडचे संवाद ती आपल्या घरच्या बोलीत वाचणार. आमच्या कार्यकारिणीने हो म्हटलंय.

अडचण एवढीच, की आमच्याकडची प्रत मधूनच फाटली आहे, पानं गेलीत. कुणाकडे जादा प्रत असेल तर टपालाने पाठवा. खर्च वाचनालय देईल आणि वाचन झालं की प्रत परत करू.