परदेशात पहिलं काम कसं मिळालं? नागपूरकरांनो, लिहा

भाचा जूनमध्ये टोरांटोला चालला आहे, पीआरवर (म्हणजे कायम राहायच्या परवानगीवर). पाच वर्षं इथं मिहानमधल्या कंपनीत नोकरी केलेला पोरगा, तरी ताईच्या घरी रोज एकच विषय: "तिथं काम कोण देईल?" आपल्या गावचे कितीतरी जण बाहेर आहेत. पहिलं काम कसं लागलं, काय चुकलं, ते सांगा. पगाराचे आकडे नकोत.

धरमपेठ, आता ब्रॅम्प्टन (टोरांटोजवळ)
मी सिव्हिलवाला, २०१६ मध्ये आलो. चार महिन्यांत दीडशे अर्ज, उत्तरं तीन, तिन्ही नकाराची. बायोडाटा साडेचार पानांचा: फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, 'विवाहित'. इथं यातलं काहीच लिहीत नाहीत. नव्यानं आलेल्यांसाठी सरकारी पैशानं चालणारी फुकट केंद्रं आहेत, तिथल्या बाईंनी लाल पेन घेऊन तो दोन पानांवर आणला. 'पुलाचं काम पाहिलं' हे खोडलं आणि विचारलं, पूल केवढा, हाताखाली माणसं किती, काम वेळेत झालं का?

तोवर वेअरहाउसमध्ये रात्रपाळी. उणे वीसमध्ये बसची वाट पाहताना मे महिन्यातली सीताबर्डी इतकी गोड कधी वाटली नव्हती. शेवटी काम अर्जातून लागलंच नाही. रात्रपाळीच्या सुपरवायझरचा मेहुणा बांधकाम कंपनीत एस्टिमेटर, म्हणजे खर्चाचा अंदाज काढणारा, होता. त्याला वीस मिनिटं भेटलो. नोकरी मागितली नाही, इथं क्वांटिटी कशी काढतात तेवढं विचारलं. दोन आठवड्यांनी त्याचाच फोन. जागा ज्युनिअरची, नागपुरात माझ्या हाताखालच्या पोराला दिली असती अशी. घेतली.

भाचा इंजिनिअर असेल तर ऐका: परवान्याशिवाय नावापुढे ती उपाधी लावता येत नाही. ओंटारियोच्या (टोरांटो याच प्रांतात) परवाना मंडळानं कॅनेडियन अनुभवाची अट २०२३ मध्ये काढली, आणि जानेवारी २०२६ पासून २५ किंवा जास्त माणसं असलेल्या कंपन्यांना जाहिरातीतही तशी अट टाकता येत नाही. मुलाखतीत तेच वळसा घालून विचारतात, तो भाग वेगळा.

उमरेड, आता लाइपझिग
मी नर्स. जर्मन भाषेची बी-टू परीक्षा पास होऊन आले, वाटलं जिंकलं. पहिल्याच दिवशी वॉर्डातले आजोबा त्यांच्या सॅक्सन बोलीत काहीतरी म्हणाले आणि मी नुसती हसले. पुण्याची पाहुणी आमच्याकडं 'काऊन' ऐकून थबकते ना, तसं. पाणी मागत होते बिचारे.

इथं परदेशी पदवीला मान्यता मिळेपर्यंत काम सहायिकेचं आणि पगारही सहायिकेचा. अभ्यासक्रमात काय कमी आहे ते कार्यालय लेखी कळवतं. मग एकतर परीक्षा, नाहीतर प्रशिक्षण. मी प्रशिक्षण घेतलं, कारण वॉर्डात राहिलं की कान तयार होतो. पण कॉलेजकडून विषयवार तासांचा दाखला हातात पडल्याशिवाय विमानात बसू नका. मी बसले. धाकट्या भावानं त्यासाठी सात चकरा मारल्या, अजून ऐकवतो.

हिंगणा, आता पर्थ
मी आयटीआयवाला वायरमन. मले वाटलं, करंट तोच, वायर तीच, काय वेगळं राहते? इथं आधी कौशल्याची तपासणी, मग तात्पुरता परवाना, मग परवानेवाल्याच्या देखरेखीत काम, वरून त्यांच्या नियमांचा कोर्स. तोवर एकट्यानं एक सॉकेटही बसवता येत नाही. बांधकामावर मजुरी करायलाही व्हाइट कार्ड लागते, ते एका दिवसाच्या ट्रेनिंगनं निघते. मी तेच पहिले काढलं न् विटा उचलल्या. घरी सांगितलं, 'साइटवर आहो.' खोटं नव्हतं.

लक्ष्मीनगर, आता न्यू जर्सी
एच-४ वर (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) येणाऱ्या बायकांनी आधी नियम वाचावा. नवऱ्याचा आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनी करते तो अर्ज) मंजूर झाल्यावरच बहुतेकींना कामाच्या परवानगीचा अर्ज करता येतो. ही सोयही २०१५ ची. मी एमबीए, चार वर्षं घरी. आणखी काही लिहीत नाही, चिडचिड होते.

सदर, परत आलेला
आखातासाठी एका एजंटला दीड लाख दिले. नोकरी होती, पण कागदावर एक आणि तिथं दुसरीच. नंतर कळलं की नोंदणीकृत एजंटला कायद्यानं ३०,००० रुपये आणि जीएसटी एवढंच घेता येतं, आणि त्याची नोंदणी ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर पाहता येते. पाच मिनिटांचं काम होतं ना बे.

धागा काढणारी
भाच्याला सगळं वाचून दाखवलं. बायोडाट्यातला फोटो लगेच काढला, जन्मतारखेवर ताई अडून बसली, "लग्नाच्या वेळी लागेल." ब्रॅम्प्टनवाले भाऊ, वेअरहाउसला जायला बूट इथून आणायचे की तिथंच घ्यायचे?