मदत हवी आहे: हुर्राकच्या पार्टीचं टेबल कसं सजवू?

आमच्या लग्नाला २५ वर्षं होताहेत, म्हणून शनिवारी संध्याकाळी म्हापशाच्या घरी वीसेक जणांना बोलावलंय. हुर्राकचा, म्हणजे काजूच्या बोंडांपासून काढलेल्या आमच्या गोव्याच्या दारूचा, मोसम आहे, तेव्हा तीच मुख्य: सोबत लिंबू-सोडा, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची. न पिणाऱ्यांसाठी कोकम सरबत.

टेबल सहा फुटी, जुनं सागवानी. त्यावर आईची इरकल साडी अंथरायचं फार मनात आहे, पण कोकमाचा डाग पडला तर जीव हळहळेल. वर पारदर्शक प्लास्टिक टाकलं की सगळी शोभाच जाते. दुसरा काही उपाय?

बर्फासाठी आजीचं पितळी घंगाळ काढलंय. लिंबू, कोकम मात्र काचेतच ठेवणार, पितळेत आंबट कळकतं. पण घंगाळाला बाहेरून पाणी सुटून लाकडावर डाग पडेल. खाली काय ठेवू?

फुलांत मोगरा नकोच. हुर्राकचा वास आधीच उग्र, दोन्ही एकत्र डोकं धरतील. अबोलीचे वळेसर (गजरे) कडेने सोडावेत असं वाटतंय. उकाड्यात चार तास टिकतील का? कुणी केलं असेल तर कृपया सांगा, फोटो असल्यास फारच छान.