मदत हवी आहे: वर्गातल्या संगणकाबद्दल आधी काय शोधावं?

नमस्कार मंडळी. पीएच.डी.चा विषय ठरवतेय आणि अडकले आहे. ‘संगणकामुळे मुलं जास्त शिकतात का?’ हा प्रश्नच मला आता अपुरा वाटतो. शिकणं माध्यमामुळे नव्हे तर शिकवण्याच्या पद्धतीमुळे घडतं, असं अमेरिकी शिक्षण-संशोधक रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्येच मांडलं होतं. पेरूच्या ग्रामीण शाळांमध्ये मुलांना लॅपटॉप दिले गेले. २०१२ च्या अभ्यासात गणित-भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही.

म्हणून मला वर्गात बसून बघायचंय. मुलाचं उत्तर पडद्यावर चुकीचं दिसलं, तर शिक्षक पुढच्या पाच मिनिटांत काय करतात? चूक लगेच दाखवावी, की मुलाला जरा झगडू द्यावं? आणि एका संगणकावर दोघं बसली तर माउस कोणाच्या हातात राहतो? हा प्रश्न माझ्या फार जवळचा आहे, कारण दुसरं मूल बरेचदा नुसतं बघत राहतं.

यातलं आधी काय घ्यावं? तुलनेसाठी दुसरा वर्ग मिळाला नाही तर अभ्यास टिकेल का? नवलाई ओसरावी म्हणून नोंदी किती आठवड्यांनी सुरू कराव्यात? ज्यांनी वर्गनिरीक्षण केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.