मदत हवी आहे: आणीबाणीसाठी कोणता रेडिओ घ्यावा?

नमस्कार. वीज आणि मोबाइल सेवा दोन-तीन दिवस बंद पडली तरी अधिकृत सूचना ऐकता याव्यात, यासाठी घरात एक रेडिओ कायमचा ठेवायचा आहे आणि त्याच्या निवडीबाबत जाणकारांचा सल्ला हवा आहे.

एफएमच्या लहरी साधारणपणे दृष्टिरेषेपुरत्याच पोहोचतात, तर मध्यम लहरी रात्री आयनांबरावरून (वातावरणाच्या उंचावरील विद्युतभारित थरावरून) परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर दूर जातात. त्यामुळे जवळचे केंद्र बंद पडले तरी दूरचे ऐकू यावे म्हणून मध्यम लहरींची सोय मी अनिवार्य मानतो. लघुलहरींची (३ ते ३० मेगाहर्ट्झ) प्रत्यक्षात गरज पडते का?

खरी अडचण विजेची आहे. हँडल फिरवून आणि सौर पट्टीवर चार्ज होणारे संच आकर्षक वाटतात, परंतु त्यांतील लिथियम बॅटरी वर्षानुवर्षे न वापरता पडून राहिली तर निकामी होऊ शकते, आणि ऐन वेळी तेच कळले तर काय उपयोग? साध्या डबल-ए सेलवर चालणारा संच मला अधिक भरवशाचा वाटतो; मात्र आत विसरलेले सेल गळतात (माझा एक जुना संच असाच गेला).

बॅटरी, साधे सेल आणि हँडल अशा तिन्ही मार्गांनी चालणारा संच कोणी दीर्घकाळ वापरला असल्यास त्याचा अनुभव कृपया कळवावा.