आई-वडिलांना घेऊन निवांत स्पिती : मे महिन्यात कोणत्या वाटेने जावे?

मुक्कामपोस्ट :
मी, पत्नी, नऊ वर्षांची मुलगी आणि सत्तरीला टेकलेले आई-वडील असे आम्ही पाच जण मेच्या तिसऱ्या आठवड्यात हिमाचल प्रदेशातल्या स्पिती खोऱ्यात जाण्याच्या विचारात आहोत. पुण्याहून चंदीगडपर्यंत विमान आणि पुढे चालकासह भाड्याची गाडी एवढे ठरले असून हाताशी बारा दिवस आहेत. एका सहल कंपनीने मनाली-कुंझुममार्गे दुसऱ्याच दिवशी काझा हे स्पितीतले मुख्य गाव गाठण्याचा कार्यक्रम दिला आहे, मात्र आईला रक्तदाबाचा त्रास असल्यामुळे मन कचरते. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

वळणवाट :
मनालीचा बेत मनातून काढून टाकावा. साडेचार हजार मीटरहून उंच असलेली कुंझुम खिंड मे महिन्यात बहुधा बर्फाखालीच असते आणि ती उघडी मिळाली, तरी मनालीच्या दोन हजार मीटरवरून एका दिवसात तिच्यावर चढून काझ्याला झोपणे वयस्कर माणसांनाच काय, तुम्हालाही सोसणार नाही. आपले कळसूबाई 1,646 मीटर, तर काझा त्याच्या दुपटीहून उंच आहे.

सिमल्याहून किन्नौरमार्गे जावे. सिमला, सराहन, मग कल्पा (2,960 मीटर) येथे दोन रात्री, ताबो (3,280 मीटर) येथे दोन रात्री आणि त्यानंतर काझा, असे मुक्काम ठेवले की शरीर आपसूक सरावते. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये, असा साधारण दंडक आहे. म्हणूनच नाको गाव कितीही आवडले, तरी जाताना तेथे मुक्काम करू नये, कारण ते ताबोपेक्षा उंच आहे. तळ्याकाठी जेवून पुढे निघावे. आईंच्या गोळ्यांविषयी आणि उंचीवर घ्यायच्या औषधाविषयी त्यांच्या डॉक्टरांना आधीच विचारून घ्यावे. डोके दुखून उलट्या सुरू झाल्या, तर वर जाण्याचा हट्ट न धरता खाली उतरावे.

मुक्कामपोस्ट :
सविस्तर उत्तराबद्दल आभार. परंतु गेलो त्याच रस्त्याने परत यायचे म्हटले, तर कंटाळा येणार नाही का?

ओसरीवरची :
आम्ही सासूबाईंना घेऊन असेच गेलो आणि असेच परतलो, आणि मला परतीचाच प्रवास अधिक आवडला. कल्प्याला जाताना दोन्ही दिवस ढगाआड दडलेला किन्नर कैलास परतताना पहाटे खिडकीतून लख्ख दिसला. शिवाय सांगला आणि छितकुल परतीसाठी राखून ठेवता येतात. आठवडाभर उघडे-बोडके, मातकट डोंगर पाहिल्यावर बास्पा नदीकाठच्या देवदारांची हिरवाई डोळ्यांना फार गोड वाटते.

ताबोचा दुसरा दिवस मात्र कोणी कितीही सांगितले, तरी कापू नका. इ.स. 996 मध्ये स्थापन झालेला तेथील बौद्ध मठ बाहेरून नुसता मातीने लिंपलेला, आपल्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरासारखा दिसतो. आत शिरल्यावर क्षणभर काहीच दिसत नाही. डोळे अंधाराला सरावले की भिंतींवरची चित्रे आणि अधांतरी बसल्यासारख्या मातीच्या मूर्ती एकेक करून उमटू लागतात. आत छायाचित्रे काढता येत नाहीत, हे एका परीने बरेच आहे. सासूबाई तेथून तासभर हलल्या नाहीत.

वळणवाट :
ताईंशी सहमत आहे. धनकरचा मठ आणि हिक्किम गावातले उंचावरचे टपाल कार्यालय काझ्याला एक-दोन रात्री काढल्यावरच करावे. हिक्किम सुमारे 4,400 मीटरवर आहे, तेव्हा पत्र टाकून झाल्यावर तेथे रेंगाळू नये. रेकाँग पिओला टाकी भरून घ्यावी, कारण पुढचा भरवशाचा पंप काझ्यालाच आहे. दरड कोसळून रस्ता अडला, तर हाताशी असावा म्हणून एक दिवस मोकळा सोडावा.

ओसरीवरची :
एक राहिलेच. हवाबंद पाकिटांतला चिवडा नेणार असाल, तर पाकिटे कोंबून भरू नका. वर हवेचा दाब कमी असल्यामुळे आमची पाकिटे नाकोपर्यंत फुग्यासारखी टम्म झाली आणि त्यांतले एक सासूबाईंच्या शालीवर फुटले. पोह्यांचे दाणे चंदीगडला परतेपर्यंत झटकत होतो.