मणिपूरचं नेट बंद होतं तेव्हा आपण कुठे होतो?

लोकमान्यनगरवाली:
मंडळी एक विचारायचंय, बरेच दिवस डोक्यात आहे. मणिपूरला ३ मे २०२३ ला मैतेई आणि कुकी या दोन समाजांत हिंसा पेटली आणि लगेच नेट बंद. कुकी बायकांची नग्न धिंड काढली ती ४ मे ची, एफआयआर १८ मे ची, आणि व्हिडिओ आला १९ जुलैला, तेव्हा कुठे पहिली अटक. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तोवर मणिपूरचं नाव सुद्धा निघालं नव्हतं, मग एका रात्रीत सगळ्यांचे डीपी काळे, फाशी द्या, भर चौकात द्या, आणि आठवड्याभरात परत गुड मॉर्निंग सुरू. मला फार त्रास झाला त्याचा. नेट दंगल थांबवायला बंद करतात का बातमी थांबवायला?

खरगोनची सून:
दंगल थांबवायलाच, माझं तरी हेच मत. २०२२ च्या रामनवमीला खरगोनला झालं तेव्हा सासूबाई कर्फ्यूत घरात होत्या आणि इथे इंदूरला माझ्या फोनवर फॉरवर्डवर फॉरवर्ड, अमुक गल्ली जाळली, तमुक घर लुटलं. हातपाय गार पडले. फोन लावला तर त्या म्हणाल्या अगं आपल्या गल्लीत काहीच नाहीये. चारदोन दिवस बंद ठेवलं तर कोणाचं काय बिघडतं?

सुदामानगर:
चारदोन दिवस कुठे ताई! मणिपूरला ब्रॉडबँड सुरू झालं २५ जुलैला, ते पण अटी घालून, आणि मोबाईल डेटा सप्टेंबरच्या शेवटी आला की दोनतीन दिवसांत परत बंद. सुप्रीम कोर्टानी १० जानेवारी २०२० ला काश्मीरच्या नेटबंदीच्या केसमध्ये साफ सांगितलंय की बेमुदत बंदी चालणार नाही, ऑर्डर जाहीर करा. आणि अफवा थांबली का? पॉलिथिनमध्ये गुंडाळलेल्या मुलीचा फोटो मैतेई नर्सचा म्हणून फिरला, तो होता दिल्लीकडच्या जुन्या खुनाचा. खोटं पोचलं, ते खोटं आहे हे सांगणारं मात्र नेटबंदीत अडकलं. बायकांवर सूड उगवला गेला तो त्यानंतर.

जुना रामबाग:
आणीबाणीत आपल्या इंदूरच्या नई दुनियानी सेन्सॉरशिपच्या निषेधात अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती. लोकांना निदान दिसलं तरी की इथून काहीतरी काढून घेतलंय. नेट बंद केलं की हजार कोस लांबच्या माणसाला ते पण दिसत नाही, त्याला वाटतं सगळं शांत आहे. आणि सप्टेंबर २०२३ मध्ये एडिटर्स गिल्डनी, म्हणजे संपादकांच्या संघटनेनी, रिपोर्ट दिला की मणिपूरच्या मीडियानी बाजू घेऊन बातम्या दिल्या आणि नेटबंदीनी पत्रकारितेचं नुकसान झालं, तर एफआयआर गिल्डच्याच लोकांवर.

खरगोनची सून:
फोटोचं मला माहीत नव्हतं काका. तरी पण दंगलीच्या पहिल्या रात्री नेट चालू ठेवा असं माझ्या तोंडून निघणार नाही.

सुदामानगर:
पहिल्या रात्रीचं मान्य. महिनोन्महिने नाही.

लोकमान्यनगरवाली:
एक विनंती, तो व्हिडिओ अजून कोणाच्या गॅलरीत असेल तर प्लीज डिलीट करा, ग्रुपवरून पण काढायला सांगा. पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा आहे, आणि आमच्याकडे तो चेहऱ्यासकट फिरला, काळा डीपी लावणाऱ्यांनीच पाठवला होता.